परतीचा पत्ता

"विनया, तुमचा तो नावाडी परत येणार हाय म्हणं."

मगदूम काकू दारातच उभ्या होत्या. चपला त्यांनी खाली जिन्यापाशी काढल्या होत्या आणि उन्हातून चालत आल्यामुळं पदरानं मान पुसत होत्या. मी एका चित्रावरचा रंग वाळायची वाट बघत होते, नौशाद जमिनीवर पत्ते मांडून बसला होता. आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. सांगलीत गणपती पेठेच्या मागं, बी-बियाणांच्या एका दुकानावरच्या त्या खोलीत आम्ही कॉलेज संपल्यापासून काम करत होतो, पण काकू तिथं कधी आल्या नव्हत्या. शीतल होता तेव्हाही नाही.

मी त्यांना स्टूल दिलं. पाणी विचारलं, तर घरून पिऊनच आलोय म्हणाल्या. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःविषयी बोलताना 'मी येतो, मी जातो'च म्हणतात, काकूही तसंच म्हणत. मग त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. काळ्या पाण्यावर एक पाठमोरा नावाडी, खांद्यावर वल्हं, आणि खाली दोन शब्द: 'तो परततोय.' चित्र माझंच होतं, जुन्या संचातलं. आमचा खेळ छापणाऱ्या कंपनीच्या लोकांनी ते घेऊन नुसती सावली राहील इतकं काळं केलं होतं.

"कधी येणार?" काकूंनी विचारलं.

"दिवाळीला," नौशाद बोलून गेला आणि मग सावरून म्हणाला, "म्हणजे संच, काकू. नवे पत्ते."

"तेच विचारतोय की मी," काकू म्हणाल्या. मग जमिनीवर मांडलेल्या पत्त्यांकडं बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "मला हे खेळायला शिकवा."

शीतल मगदूम हा त्यांचा एकुलता मुलगा. आमच्या तिघांत खेळ सुचायचा त्याला, नियम बसवायचा नौशाद आणि चित्रं काढायची मी. 'दुथडी' हा आमचा पहिला खेळ. त्यातला देश शीतलनं मनानं उभा केला होता. अपारा नावाची नदी, जिचा पैलतीर कुणाला दिसत नाही. तिच्या ऐलतीरावरची गावं, जिथं तीन सावल्यांचा धनगर राहतो, वैदीण पाखरांची नाडी बघते, आणि एका पोरीनं लहानपणी दिवा गिळलेला असल्यानं ती अंधारात लख्ख दिसते. अपारेला सारखं पाणी चढत असतं. खेळणाऱ्यानं आपली माणसं नावेत घालून पैलतीरी पोचवायची. ज्याची जास्त मोलाची माणसं पोचली तो जिंकला. एवढाच खेळ. पण प्रत्येक माणसाचा पत्ता निराळा, त्याची करामत निराळी, आणि लोकांना ती माणसं आवडली. पुण्याच्या एका कंपनीनं खेळ छापला आणि कोल्हापूरपासून इंदूरपर्यंत थोरली माणसंसुद्धा शाळकरी पोरांसारखी त्यातल्या पत्त्यांची अदलाबदल करायला लागली.

सगळ्यात दांडगा पत्ता होता शेवटच्या नावाड्याचा. बाकीच्या नावा एकेकाला नेत, हा एका खेपेत चौघांना नेई, पाणी कितीही चढलेलं असो. मात्र ती खेप झाली की तो पत्ता बाद, पुन्हा हाती येत नसे. नावाड्याला चेहरा हवा होता म्हणून मी शीतललाच समोर बसवलं होतं. रुंद कपाळ, आणि डावी भुवई मधोमध तुटलेली, लहानपणी कृष्णेत सूर मारताना दगड लागलेला. नदी त्याला घरासारखी होती. सांगायला नवल वाटतं, पण पत्त्यावरचा चेहरा बघून तो नाराज झाला होता. मला फार शूर काढलंयस, म्हणाला होता.

खेळ बाजारात आला त्याच पावसाळ्यात महापूर आला. शीतल गल्लीतल्या तरुण मंडळाची नाव घेऊन हरिपूरच्या बाजूला माणसं काढायला गेला. दिवसभर खेपा केल्या. शेवटच्या खेपेत त्यानं एक बाळंतीण, तिची सासू आणि तान्ही पोर यांना उंचावर आणून उतरवलं आणि अंधारून आलं असताना एकट्यानंच नाव परत वळवली. ती मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या शेतातल्या, झाडांच्या शेंड्यांत अडकून उलटली. नाव सापडली, शीतल सापडला नाही. पाणी ओसरल्यावर पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत शोध झाला. त्या वेळेला तो परत का वळला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणीतरी मागं राहिलं असेल, असं सगळे धरून चालले.

काकूंनी तो गेल्याचं मानलं नाही. सुतक पाळलं नाही, म्हणून ते फिटलंही नाही. भेटायला आलेल्या पाहुण्यांना त्या दारातूनच सांगत, "तो आल्यावर या." अण्णा, म्हणजे शीतलचे वडील आदगोंडा मगदूम, पाहुण्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून येत. हळूहळू लोक यायचे थांबले. काकूंनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाणंही सोडलं. शीतलच्या खोलीतला पंखा ती रोज थोडा वेळ लावून ठेवते, बंद राहिला तर गंजेल म्हणते, असं अण्णांनी मला एकदा रस्त्यात सांगितलं होतं. सांगून झाल्यावर त्यांनी उगीच भाजीचा भाव विचारला होता.

तीन-चार वर्षांनी कंपनीनं कळवलं की लोकांना 'दुथडी'त परत जायचंय, नवा संच करा. नौशादनं आणि मी खूप दिवस होकार दिला नाही. मग दिला. नवीन संचाचं नाव ठेवलं 'ओसरल्यावर'. अपारेचं पाणी उतरलंय, काही वर्षं गेलीत, आणि आता ती गावं कशी दिसतात ते दाखवायचं. नवे पत्ते जुन्यात मिसळूनच खेळायचे, म्हणून डावात पाणी चढायचंच. नवं जग उभं करण्यापेक्षा जुन्या जगात परत जाणं अवघड असतं. लोकांना सगळं होतं तसं हवं असतं आणि मधल्या काळात काहीतरी घडलेलंही हवं असतं. मी बुडालेल्या बाजाराच्या भिंतींवर चिखलाची रेघ काढली, छातीच्या उंचीवर. जकातनाक्याची शाळा केली. पैलतीरी पोचलेल्या वैदिणीचे केस पांढरे केले आणि तिच्या खांद्यावर पहिल्या संचातल्या पाखराचं पिल्लू बसवलं. हे काम करताना मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. शीतलच्या गावातून फिरून आल्यासारखं वाटायचं.

कंपनीची एकच अट होती. नावाडी परत आला पाहिजे. त्यांचे करंदीकर म्हणून एक गृहस्थ फोनवर फार मवाळ बोलत. लोक त्याच्याचसाठी संच घेणार आहेत, असं ते पुन्हा पुन्हा सांगत. नौशादनं त्याचा नियम बसवला, तो बरोबर बसलाही. माझंच काम अडलं होतं. बाकीचे सगळे पत्ते झाले, परतलेल्या नावाड्याचा चेहरा काही होईना. किती वयाचा काढायचा, हेच मला ठरवता येत नव्हतं. कागदावर तुटकी भुवई काढायचे, कपाळ काढायचे आणि थांबायचे.

अशा वेळी काकू आल्या होत्या.

त्या दिवसापासून त्या रोज दुपारी येऊ लागल्या. घरचं आवरून यायच्या आणि दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला हवं म्हणून उन्हं उतरली की निघायच्या. नौशाद जमिनीवर निळ्या कापडाची पट्टी अंथरायचा, ती अपारा. तिच्या एका बाजूला काकूंची गावं, दुसऱ्या बाजूला रिकामी सतरंजी, तो पैलतीर. काकू पत्ते डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या, नावं मोठ्यानं वाचायच्या. नियम त्यांना दोन दिवसांत आले. जिंकणं मात्र जमेना.

"काकू, ही वैदीण आधी पाठवा, तिचं मोल जास्त आहे," नौशाद सांगायचा.

"पाणी कुणाच्या दाराला लागलंय ते बघून पाठवतोय मी," त्या म्हणायच्या आणि एखाद्या बिनमोलाच्या कुंभाराला नावेत घालायच्या.

अशानं त्या रोज हरायच्या आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. शेवटचा नावाडी हातात आला तरी त्या तो खेळायच्या नाहीत. डाव संपेपर्यंत बाकीच्या पत्त्यांच्या मागं धरून ठेवायच्या. गावं एकामागून एक बुडायची आणि तो पत्ता त्यांच्या हातातच राहायचा. नौशादनं त्याबद्दल एकदाही टोकलं नाही.

त्यांनी शीतलचं नाव काढलं नाही, आम्हीही काढलं नाही. एकदा फक्त माझ्या टेबलावरचे अर्धवट चेहरे त्यांनी बघितले. एकेक कागद उचलून उजेडाकडं नेला आणि होता तसा खाली ठेवला. मी काहीतरी सांगायला गेले, तर त्यांनी हातानंच राहू दे म्हटलं.

मग एके दिवशी त्या आल्या त्या ठरवूनच आल्यासारख्या. पदर खोचून बसल्या आणि नौशादला म्हणाल्या, "तो परत येतो तो पत्ता बी घाल आज."

नौशादनं माझ्याकडं बघितलं. तो पत्ता अजून कच्चाच होता. साध्या कागदावर छापलेला, चित्राच्या जागी मी पेन्सिलनं ओढलेला नुसता एक गोल. त्यानं तो गड्डीत मिसळला.

डाव सुरू झाला. नावाडी काकूंकडं लवकरच आला आणि या वेळी त्यांनी तो मागं ठेवला नाही. खालच्या अंगाच्या गावातली चार माणसं त्यांनी निवडली: धनगर, कुंभार, वैदीण आणि दिवा गिळलेली पोर. चौघांना नावेत घातलं, नाव कापडावरून हळूहळू सरकवत पलीकडं नेली. माणसं उतरली. नौशादनं नियमाप्रमाणं नावाड्याचा पत्ता उचलून डावाबाहेर पालथा ठेवला. काकू त्या पालथ्या पत्त्याकडं बघत पुढची पानं ओढत राहिल्या. पाणी चढत होतं, त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं पेन्सिलच्या गोलाचा पत्ता त्यांच्या हातात आला. त्यांनी तो लगेच खाली टाकला.

"आला," त्या म्हणाल्या. "आता?"

नौशाद निळ्या कापडाची सुरकुती हातानं काढत राहिला.

"आता काय करायचं, नौशाद?"

"काकू, त्याची किंमत आहे," तो म्हणाला. "त्यानं नेलेली चौघं परत ऐलतीरी ठेवायची. मग तो हातात येतो."

"ऐलतीरी पाणी हाय."

"हो."

"म्हंजे ती बुडणार."

"खेळात, काकू."

"असं का ठेवलंस?"

"फुकट परत आला तर," नौशाद म्हणाला, "तो गेला होता त्याला काही अर्थच राहत नाही. खेळ मोडतो." नियम समजावून सांगायची त्याला सवय होती, त्याच सरळ आवाजात तो हे बोलला. मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि त्यानं मान खाली घातली.

काकूंनी पैलतीरावरचे चार पत्ते उचलले. मांडीवर घेऊन एकेक बघू लागल्या. खाली दुकानात बियाणांची पोती उतरवत होते, हमाल एकमेकांना हाका मारत होते. मी मध्ये पडायला हवं होतं का, मला कळत नव्हतं. दिवा गिळलेल्या पोरीचा पत्ता त्यांनी इतका वेळ धरला की अंगठ्याच्या घामानं त्याची कड ओली झाली. मग त्या पुढं वाकल्या आणि चारही पत्ते त्यांनी पुन्हा पैलतीरावर ठेवले. ओळीनं लावले, हातानं सरळ केले. पेन्सिलच्या गोलाचा पत्ता उचलून नौशादच्या हातात दिला.

"ह्यो नको," त्या म्हणाल्या.

मग काकू बोलायला लागल्या, माझ्याकडं न बघता, त्या निळ्या पट्टीकडं बघत.

"तो फोटो भाचीनं पाठवला त्या दिवशी मी भाकरी करत होतो. तो परततोय, एवढंच वाचलं. पाठ त्याचीच. गॅस बंद केला आणि दारात जाऊन उभा राहिलो. ह्यांना हाक मारली न्हाई. म्हटलं आधी दिसू दे. शेजारणीनं विचारलं, कुणाची वाट बघताय? मग तिला मोबाइल दाखवला. ती म्हणाली, काकू, जाहिरात हाय ही."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

"हरिपूरची ती बाई हाय, शेवटच्या खेपेची. दर दिवाळीला येती. पोरीला घेऊन येती. मी दार उघडत न्हाई. खिडकीच्या फटीतनं बघतो. ती पायरीवर बसती आणि उठून जाती." त्या थांबल्या. "मी देवाकडं काय मागत होतो सांगू? त्या तिघींना ने आणि त्याला दे. रोज मागत होतो, विनया. उठल्याबरोबर. आणि आज ह्या पोरानं माणसं हातात दिली, ठेव म्हणाला पाण्यात, तर ठेववेनात. कागदाची असून ठेववेनात."

नौशाद उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला.

उन्हं उतरत आली होती. काकूंनी पदर सारखा केला, गुडघ्यावर जोर देऊन उठल्या. दाराशी जाऊन म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर हरिपूरला येशील?"

सकाळी आम्ही रिक्षानं निघालो. हरिपूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना चिंचा आहेत, त्यांची सावली रिक्षात येत-जात होती. गावात चौकशी केल्यावर घर सापडलं. वैजंता सावळे त्या बाईचं नाव. दारापुढं शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि ती उकिडवी बसून हळकुंडं वरखाली करत होती. काकूंना बघून ती उठली. पिवळे हात अंगापासून लांब धरून तशीच उभी राहिली. या म्हणायचंही तिला सुचेना. आतून तिची सासू भिंतीला धरत बाहेर आली आणि कोण आलंय ते कळल्यावर उंबऱ्यातच खाली बसली.

मी हातपंपावरून तांब्या भरून आणला. काकू पायरीवर टेकल्या. वैजंतानं एकदम बोलायला सुरुवात केली, पाठ केलेलं म्हणावं तसं. दर वर्षी तिला एकच गोष्ट सांगायची असायची. शेवटच्या खेपेत त्या उतरल्यावर म्हातारीनं रडायला सुरुवात केली होती. घर गेलं त्याचं नाही, शेळीचं. छपरावर चढवलेली गाभण शेळी मागंच राहिली होती. सारखी शेळी शेळी करत होती.

"आणि त्यांनी विचारलं, आजी, कुठलं छप्पर?" वैजंता म्हणाली. "ह्या आत्यांनी बोट दाखवलं. मीबी दाखवलं. म्हणाले, आलोच घेऊन. शेळीसाठी गेले हो ते. माणसासाठी न्हाई. आम्ही बोट दाखवलं नसतं तर गेले नसते. हे कुणाला सांगितलं न्हाई आम्ही. तुम्हालाच सांगायचं हुतं."

म्हातारी तोंडावर पदर घेऊन हलत होती. मला काकूंच्या तोंडाकडं बघायचं धाडस होईना. हळदीचा उग्र वास येत होता. कुणीतरी ओरडेल, शिव्या देईल, असं मला वाटत होतं, आणि ते झालं असतं तर बरंच झालं असतं.

काकूंनी विचारलं, "शेळी वाचली का?"

वैजंताला प्रश्न कळायला वेळ लागला. "वाचली," ती म्हणाली. "छपरावरच हुती. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं तवा आमच्या मालकांनी काढली."

"हाय अजून?"

"हाय. म्हातारी झालीया."

"दावा मला."

आम्ही घराला वळसा घालून मागं गेलो. शेवग्याच्या झाडाखाली एक काळी शेळी बांधली होती, पाठीचे मणके वर आलेले, कानाला पांढरा ठिपका. तिच्यासमोर एक लहान मुलगी पाला धरून उभी होती. परकी माणसं बघून ती थबकली, पण पळाली नाही. काकू शेळीजवळ गेल्या. तिच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला आणि तो हात तिथं बराच वेळ राहिला. शेळीनं एकदा वळून बघितलं आणि पुन्हा पाला ओढायला लागली.

"नववीत असताना कुत्र्याचं पिल्लू पडलं म्हणून विहिरीत उतरला होता," काकू म्हणाल्या. त्या वैजंताशी बोलत होत्या. "दोरी न्हाई, काही न्हाई. वर आल्यावर मी त्याला वेताच्या छडीनं मारलं. दुसऱ्या महिन्यात पुन्हा कुणाच्या तरी मांजरासाठी झाडावर. त्याला कुणी सांगायला लागत नव्हतं, बाई. तुम्ही बोट दाखवलं नसतं तरी शेळीचा आवाज ऐकून गेला असता. मी आई हाय त्याची. मला म्हाईत हाय."

वैजंता मटकन खाली बसली आणि रडायला लागली. इतकी वर्षं आवरून धरलेलं रडणं होतं ते, त्याला आवाज फार नव्हता. काकूंनी तिला उठवलं नाही, समजावलंही नाही. त्या मुलीकडं वळल्या आणि नाव विचारलं. ईश्वरी, मुलगी म्हणाली. शाळेत जातीस का, विचारलं. बालवाडीत, म्हणाली. आणि मग काकूंनी तिच्या हातातला अर्धा पाला मागून घेतला आणि दोघी मिळून शेळीला घालू लागल्या.

त्यानंतर संचाचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. परतलेल्या नावाड्याचा पत्ता आम्ही केला नाही. करंदीकरांचा मवाळपणा तेव्हा संपला. जाहिरात झालेली आहे, लोकांना काय सांगायचं, असं ते बरंच काही बोलले, आणि त्यांच्या जागी ते चूक नव्हते. संच निम्माच छापला गेला आणि पुढं कंपनीनं आम्हाला काम दिलं नाही. पहिल्या खेळाच्या चाहत्यांनी आम्हाला नावं ठेवली. आमच्या लेखी त्या संचातला सगळ्यात मोठा पत्ता म्हणजे एका छपरावर उभी असलेली काळी शेळी. तिची करामत काहीच नाही. ती पैलतीरी पोचली तरी मोल मिळत नाही. तरी लोक तिला नावेत घालतात, असं नौशाद नंतर कुठल्या कुठल्या गावच्या स्पर्धा बघून येऊन सांगायचा. का घालतात, ते त्याला नियमांतून सांगता यायचं नाही. ती शेळी काढायला मला एक सकाळ पुरली होती.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी हरिपूरहून परत येताना काकू म्हणाल्या, घरापर्यंत चल. अण्णा अंगणात तुळशीच्या कट्ट्यापाशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. आम्ही कुठं गेलो होतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. काकू त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, नांद्र्याच्या पाहुण्यांना फोन करा," त्या म्हणाल्या. "तुमच्या बहिणींना करा. या म्हणावं."

अण्णांनी चष्मा काढला. "कशाला म्हणून सांगू?"

"शीतल वारला म्हणून सांगा," काकू म्हणाल्या आणि आंघोळीला आत निघून गेल्या.

अण्णा कितीतरी वेळ दाराकडं बघत राहिले. मग वर्तमानपत्राची नीट घडी केली आणि उठून जिन्याखालच्या अडगळीत गेले. तिथून त्यांनी लोखंडी घडीच्या खुर्च्या एकेक करून बाहेर आणल्या. कोळिष्टकं धरलेल्या, गंजलेल्या, किती वर्षांत न उघडलेल्या. त्या अंगणात मांडल्या, बादलीत पाणी घेतलं आणि खाली बसून पहिली खुर्ची पुसायला लागले. मी आतून दुसरं फडकं शोधून आणलं आणि त्यांच्या शेजारी बसले.